उतारावरचा सासरा

"वाफेच्या इंजिनाचा काय भरवसा, काका? कधी फुटेल सांगता यायचं नाही! माझी गाडी बघा. ना आग, ना धूर. नुसता घोडा!" कथबर्ट हेपल छाती फुगवून म्हणाला.

डरहॅमच्या खाणीतला कोळसा बंदरावर न्यायचं त्याचं काम. चार डबे ओढत त्याचा डॅनी घोडा रुळांमधून डुलत चालला होता. शेवटच्या डब्यात, कोळशावर टाकलेल्या फळीवर, जाडजूड स्नेथकाका, गावचे खाटीक, रविवारचा कोट घालून बसले होते. त्यांच्या मुलीला, ॲनला, मागणी घालायची, म्हणून तर ही फेरी!

"आता गंमत बघा!"

उतार लागला, डबे आपोआप धावू लागले. कथबर्टने चालता चालता घोडा सोडला. डॅनी बाजूला झाला, डबे पुढे जाऊ दिले आणि डब्यांच्या शेपटाला जोडलेल्या बुटक्या गाड्यात टुणकन चढून गवत खाऊ लागला. चढावर ओढायचं, उतारावर बसून जायचं, ही तिथल्या घोड्यांची रीतच होती.

"वा रे पठ्ठ्या!" काकांनी टाळ्या वाजवल्या.

कथबर्टने टोपी काढून, कमरेत वाकून मुजरा केला. सरळ झाला तेव्हा गाडी पार पुढे गेली होती! आणि ब्रेकचा दांडा दाबणारा तोच खाली राहिला होता!

तो धावत सुटला.

"काका, दांडा! डब्याबाहेरचा दांडा दाबा!"

"आधी तू वर ये, गाढवा!"

"येतोच आहे हो!"

पण गाडी लहान लहानच होत चालली. तेवढ्यात वळणावर धूर दिसला. रूळ एकच, आणि त्यावरून इंजिन वर येत होतं! नोकरी गेली, ॲन गेली, आता ॲनचे वडीलही चालले!

"मेलो! मेलो!" काकांनी उडी मारायला एक पाय बाहेर टाकला. खाली पळणारी जमीन पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. दुसरा पाय उचलेना, पहिला मागे येईना. शेवटी ते घसरलेच आणि हाताला लागलेल्या दांड्याला घोरपडीसारखे चिकटले. सगळा भार दांड्यावर! चाकं किंचाळली, ब्रेकचं लाकूड करपलं, आणि गाडी इंजिनाच्या नाकासमोर थांबली.

"हेपल," इंजिनवाला ओरडला, "एवढा वजनदार ब्रेक कुठून आणलास रे?"

कथबर्ट धापा टाकत पोहोचला. काकांची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवत तो पुटपुटला, "काका, ते... ॲनचं..."

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा निवांत गवत चघळणाऱ्या डॅनीकडे.

"पोरगी या घोड्याला देईन!" ते गरजले. "तो निदान वेळेवर गाडीत चढतो!"