प्रायमरी की आणि शालूबाईंची हळद

जगात एकासारखा दुसरा माणूस नसतो, हे साधुसंतांनी सांगितलं तेव्हा आपण माना डोलावल्या. कम्प्युटरही तेच म्हणतो. फक्त तो पुरावा मागतो.

आष्ट्याजवळच्या भोकरवाडीत सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे. नदीचं पाणी उपसून ती चारशे बारा सभासदांच्या रानात पाळीनं सोडते. ही सभासदांची यादी सचिव आप्पासो सव्वीस वर्षं एका लाल वहीत सांभाळत होते. (वहीला वाळवी लागली होती, पण ती मयत सभासदांचीच पानं खायची. वाळवीलाही रीत असते.) यंदा वरून आदेश आला, यादी कम्प्युटरवर घ्या. आष्ट्याच्या कम्प्युटर क्लासमधल्या उत्कर्षानं आठ दिवस बसून सगळी वही एक्सेलमध्ये उतरवली आणि ती स्वतःच्या साखरपुड्याला निघून गेली. जाताना एवढं सांगितलं, "काका, यादी डेटाबेसमध्ये घेताना तो प्रायमरी की विचारेल. म्हणजे प्रत्येकाची अशी एक खूण, जी दुसऱ्या कुणाचीच नसते. तीन बटणं येतील. पहिलंच राहू द्या, तो आपोआप नंबर देतो."

आता एवढा मोठा निर्णय एकटा सचिव कसा घेणार? आप्पासोंनी रीतसर संचालक मंडळाची सभा बोलावली.

पहिलं बटण सभेनं दहा मिनिटांत फेटाळलं. जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून ज्या गावात तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत, तिथं एक नंबर कुणाला द्यायचा हे यंत्रानं परस्पर ठरवायचं? (एक नंबरवर सात जणांचा हक्क निघाला. दोन नंबर कुणालाच नको होता.) तिसरं बटण होतं, खूणच नको. त्यावर चेअरमन जयराजदादा म्हणाले, "मग कम्प्युटर तरी कशाला? वही काय वाईट हाय?" हेही बरोबरच होतं. राहिलं मधलं बटण, म्हणजे खूण आपणच निवडायची.

नाव चालेना. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची भोकरवाडीची चाल असल्यामुळे यादीत कोंडीबा ज्ञानू नऊ होते आणि ज्ञानू कोंडीबा अकरा. गट नंबर चालेना, कारण एकेका गटात पाच-पाच भाऊ आणि त्यांच्या मध्ये पाच-पाच बांध. शेवटी आप्पासोच म्हणाले, "मोबाईल नंबर घेऊया की. तो ज्याचा त्याचाच असतोय." सभेनं बाकं वाजवली. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि चहा आला.

एक गोष्ट मात्र ठराव करताना कुणालाच आठवली नाही, आप्पासोंना तर मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी वहीत मोबाईलचा रकाना पाडला, तेव्हा जो तो म्हणाला होता, "आप्पा, तुमचाच नंबर टाका. मेसेज आला तर वाचून तुमीच सांगनार न्हवं?" आप्पासोंनी भिडेखातर पहिल्या ओळीत आपला नंबर लिहिला आणि खाली पानंच्या पानं 'वरीलप्रमाणे'च्या खुणा मारल्या. उत्कर्षानं इमानदारीनं प्रत्येक खुणेच्या जागी तोच नंबर उतरवला. चारशे बारांपैकी तीनशे चौऱ्याहत्तर माणसं एकाच मोबाईलवर नांदत होती.

आप्पासोंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली, तीनशे त्र्याहत्तर नोंदी घेता येत नाहीत, तरी पुढे जायचं का? सव्वीस वर्षांच्या नोकरीत आप्पासोंनी वरून आलेल्या एकाही कागदाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी 'होय' दाबलं.

यादीत एकोणचाळीस जण उरले. आप्पासोंच्या नंबरावर आत शिरलेला एकमेव सभासद म्हणजे पहिल्या ओळीतला कोंडीबा ज्ञानू, ज्याला वारून दीड वर्ष झालं होतं. खुद्द आप्पासोही सभासदच, पण ते बाहेर राहिले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. यादी मात्र वर गेली, आणि एवढ्या थोड्या लोकांत एवढं मोठं शिवार भिजवल्याबद्दल संस्थेला अभिनंदनाचं पत्र आलं. आता कुठल्या तोंडानं दुरुस्ती करायची? यादी माणसांप्रमाणे करण्यापेक्षा माणसांनी यादीप्रमाणे व्हावं, असं ठरलं. ज्याला पाणी पाहिजे त्यानं स्वतःचा नवा मोबाईल नंबर आणावा.

पुढच्या आठवड्यात आष्ट्यातली सिमकार्डं संपली. लोक मिरजेपर्यंत गेले. तीनशे बहात्तर जणांनी, आप्पासोंसकट, सिम आणलं. त्यांतल्या एकशे चाळीस जणांकडे फोनच नव्हता. त्यांनी सिम कुंकवाच्या डबीत ठेवलं आणि नंबर भिंतीवर लिहिला.

राहिल्या शालूबाई. एकट्या बाईची अर्धा एकर हळद, गड्डे भरायच्या ऐन वेळेला आलेली, पानं कडेनं पिवळी पडू लागलेली. आणखी चार दिवस पाणी नाही तर वर्ष गेलं. त्या तरातरा ऑफिसात आल्या.

"आप्पा, माझं बुधवारचं पानी कुठं गेलं रं?"

"मावशी, यादीत तुमचं नाव न्हाई."

"मी हाय की!"

"तुमी हाय ते मला दिसतंय. पर कम्प्युटरला दिसाय पायजे."

"मग त्येला म्हनावं, डोळं तपासून घे. मिरजंला लय दवाखानं हायत."

"आवं, एक सिम आना. पोरगं फोनात घालून देईल दुकानातलं."

"फोन न्हाई माझ्याकडं, सिम काय कपाळाला लावू? सासूबाईंच्या काळापास्नं त्या रानाला पानी हाय. मी काय बी आननार न्हाई."

आणि त्या थेट रानात गेल्या, पदर खोचला आणि पाईपलाईनचा कॉक स्वतःच्या हातानं फिरवला. हळद भरपेट पाणी प्याली.

रातोरात तक्रारी आल्या. आप्पासोंनी कारवाईचा फॉर्म उघडला. पहिल्याच रकान्यात दोषी सभासदाचा मोबाईल नंबर हवा होता, आणि त्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. सभेनं दोन तास चर्चा करून नोंद केली की नियमभंग झाला आहे, पण करणारं कोणी अस्तित्वात नाही. त्यामुळे नोटीस निघाली नाही, दंड झाला नाही, पाळी तोडता आली नाही, कारण पाळीच नव्हती. बाकीचे चारशे अकरा जण दर पंधरा दिवसांनी आपला नंबर लागतो का ते बघतात. (त्यात कोंडीबाही आहे. त्याची पाळी सोमवारी असते.) शालूबाई पाहिजे तेव्हा कॉक फिरवतात. यंदा शिवारात सगळ्यात चांगली हळद त्यांचीच आहे. परवा आप्पासो बांधावर उभे राहून ती बराच वेळ बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या बाईचा हेवा वाटला.

शालूबाईंचं तुम्हालाही कौतुक वाटलं असेल. वाटायलाच हवं. मग आता उठा आणि कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा. आपल्याच फोटोखाली आपणच सही करून, आपण आपणच आहोत असं लिहून ठेवलेल्या झेरॉक्स त्यात किती आहेत, तेवढ्या मोजा. त्या अजून कुणी मागितलेल्या नाहीत.