आठव्या सुरापुढची ओळ

तक्रारदार: दत्ताराम गोविंद खेडेकर, वय त्रेसष्ट, मूळ रत्नागिरी, राहणार पूनम सागर, मीरा रोड. विरुद्ध: जुन्या गाण्यांच्या शौकिनांचा इंटरनेटवरील गट व त्याचे नागपूरनिवासी संचालक. काळ: सन दोन हजार सहामधील सलग दहा शनिवार, दुपारी चार. साक्षीदार: सायबर कॅफेचे मालक जिग्नेशभाई, आणि मी, अर्जलेखक कांबळे, ज्याच्या लेखणीने हाटकेशपासून राईपर्यंतची गटारे हलली आहेत.

खेडेकर गाणे ऐकताना शब्द सुरू झाले की कानांवर हात ठेवतात. वाद्ये वाजू लागली की काढतात. विचारल्यास म्हणतात, "शब्द काय, कुणालाही कळतात! मधलं ऐका, कांबळे, मधलं!"

गटाचा खेळ असा. चारच्या ठोक्याला गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा येतो. जो प्रथम ओळखेल, त्याला पुढचा प्रश्न विचारण्याचा मान. खेडेकर दुसऱ्याच सेकंदाला ओळखतात. परंतु त्यांना टंकलेखन येत नाही. म्हणून उत्तर मी सांगतो आणि जिग्नेशभाई टाइप करतात.

"लिहा," मी सांगे, "मा. संचालक महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..."

"अहो, गाण्याचं नाव टाका ना आधी!"

"खेडेकर, नुसते नाव टाकणे ही निनावी पत्राची रीत झाली."

"काका," जिग्नेशभाई पडद्याकडे बोट दाखवत, "वो पूनावाली आंटीने फिर मार दिया. आपका अर्ज पूरा होगा तब तक दूसरा शनिवार आ जाएगा."

असे नऊ शनिवार गेले. खेडेकर दर वेळी चरफडत आणि पुढच्या शनिवारी पावणेचारलाच येऊन बसत. नुसत्या मानासाठी एवढी धडपड मला समजेना. दहाव्या शनिवारी पुण्यात वीज गेली, आणि आमचे उत्तर सविनय, सविस्तर व प्रथम पोहोचले.

आता हे एखाद्या बासरीवाल्याचे नाव विचारून गटाची भंबेरी उडवणार, अशी माझी अटकळ होती. खेडेकरांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच एक चाल गुणगुणली. मी ती शब्दबद्ध केली: "सूर क्रमांक एक ते सात समपातळीवर. सूर क्रमांक आठ एकाएकी वर जातो व तेथेच थांबतो. पुढील ओळ कळवावी."

संचालकांनी नियमाप्रमाणे उत्तर आधी मागितले.

"उत्तर माहीत असतं तर विचारलं असतं का?" खेडेकर म्हणाले. जिग्नेशभाईंनी तेही टाइप केले. प्रश्न बाद झाला, मान गेला.

अन्याय मला सोसत नाही. तक्रारीस आधार हवा म्हणून मी दुसऱ्या दिवशी खेडेकरांच्या घरी गेलो.

खिडकीपाशी सुलभावहिनी बसल्या होत्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. एका गाण्याची चाल तेवढी राहिली. त्यांनी सात सूर गुणगुणले, आठवा वर नेला, थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या.

"थांब गं. शोधतोय," खेडेकर म्हणाले.

वहिनींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"रोज इथेच अडते. पुढचं मी म्हणावं म्हणून बघते. लग्न झाल्यापासून भाकऱ्या थापताना हेच गायची. मी कधी शब्द कानावर घेतलेच नाहीत हो. तिच्या माहेरचेही सगळे विचारून झाले."

"जिग्नेशभाईंच्या यंत्रावर वहिनींचा आवाज घेऊन पाठवू."

"नाही. लोकांच्या खेळात तिचा आवाज नको."

हा पुरावा मी अर्जास जोडलेला नाही. वाचकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा.

सबब विनंती की, काढून घेतलेला मान परत मिळावा ही मागणी आम्ही सोडून देत आहोत. तो पुण्याच्या भगिनींना द्यावा. प्रश्न मात्र बाद समजू नये. ज्या कोणास पुढील ओळ ठाऊक असेल, किंवा ठाऊक असल्यासारखे वाटत असेल, त्यांनी ती कळवावी. उत्तरे अनेक आल्यास प्रत्येक ओळ वहिनींसमोर म्हणून दाखवली जाईल. खेडेकरांचा आवाज बरा नाही. वहिनींना त्याची जुनी कल्पना आहे.

तरी उत्तर लवकर मिळावे.