मारुतीआप्पांच्या रानातलं भूत

पिरनवाडीच्या रस्त्याला अनोळखी गाडी थांबली, की आमचे शेजारी मारुतीआप्पा हातातला घास टाकून रानाकडे पळत. प्लॉट बघायला आलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी देत, मग आवाज खाली आणून सांगत, "जागा झ्याक हाय. फकस्त अवसेला विहिरीतनं एक बाई वर येती."

ही बाई कधी हिरव्या लुगड्यात असे, कधी तिच्या कडेवर मूल असे. गाडीवाले पाणी अर्धवट टाकून निघून जात. मी हसायचो. आप्पा हसत नसत. आजूबाजूच्या रानांत प्लॉटचे दगड रोवले गेले होते, मुलगे पुण्याहून फोनवर विकायचंच बोलत, आणि त्यांची बायको आक्का वारल्यापासून आप्पांना धड झोप नव्हती. "एकदा सिमेंट पडलं की माती परत येत न्हाय रं," हे ते मला जाता-येता ऐकवत.

घोटाळा असा झाला, की बाईची बातमी गावभर गेली आणि तण काढायला, भांगलणीला येणाऱ्या बायकाच यायच्या बंद झाल्या. रानात गवत माजलं. पडीक रान बघून गाड्या आणखी वाढल्या. आप्पा पार हबकले.

अशात वडगावची सुजाता आली. घरचे विणकामाचे माग बंद पडलेले, स्वतःचं वीतभर रान नाही आणि भाजी पिकवायची भारी ओढ. थोडं रान कसायला द्याल का, म्हणाली. सवयीनं आप्पांनी तिलाही बाई सांगितली.

"असू दे की आप्पा," ती म्हणाली. "मला सोबत हुईल."

आप्पांनी रान दिलं, पण आता धास्ती वेगळी. ही पोर कंटाळून सोडून गेली तर? सकाळी तिची स्कूटर दिसेपर्यंत ते बांधावरून हलत नसत. तिनं वाफे वाकडे काढले, तरी "लई सरळ आल्यात" म्हणत.

मग एकदा ती आठवडाभर आलीच नाही. फोनही लागेना. आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी मीच त्यांना गाडीवर बसवून वडगावला नेलं. सुजाता तापानं अंथरुणात होती. आप्पा दारातच अवघडून उभे राहिले. एवढ्या लांब कशाला तरास घेतला, असं तिच्या आईनं विचारलं.

आप्पा म्हणाले, "भेंडीला फुलं आल्यात. रानाला बोलता येत न्हाय, म्हणून मी आलतो."

आईनं ताट वाढायला घेतलं. आप्पांनी चपला काढल्या.