जुन्या जागेची म्हैस

साळूबाईच्या मैना म्हशीने बिडकर साहेबांच्या नव्याकोऱ्या व्हरांड्यात शेण टाकले, तो नेमका वास्तुशांतीचा दिवस होता. राहुरीला कृषी विद्यापीठ आले, तसा माळावरच्या जागांना भाव आला. साळूबाईच्या नवऱ्याने, आसारामने, गोठ्याची जागा साहेबांना विकली आणि गोठा ओढ्यापलीकडे नेला. मैना मात्र चरून परतली की सरळ जुन्या जागी जाऊन उभी राही. तिथे आता व्हरांडा होता.

साहेबांनी साळूबाईला बोलावून जागा कुणाची ते समजावून सांगितले.

"जागा मालकानं इकली, साहेब," साळूबाई म्हणाली. "म्हशीला कुनी इचारलं न्हवतं."

साहेबांनी फाटकाला कुलूप घातले. साळूबाईने मैनेला ओढत नव्या गोठ्यात नेले, पेंड घातली, पारडू लुचायला सोडले. पण मैनेने पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशीही तेच. साळूबाईचा सगळा रतीब साहेबलोकांच्या कॉलनीत, आणि त्या रतीबावरच तिची चूल. इकडे कॉलनीत बिनदुधाचा चहा पिऊन नवरे चिडले, बायका बिडकरबाईंकडे गेल्या आणि बाईंनीच कुलूप काढले. मैना व्हरांड्यात चढली आणि लगेच पान्हवली.

मग रोज तिथेच धार निघू लागली. डोळ्यांदेखत काढलेले दूध म्हणून कॉलनी तांबे घेऊन रांगेत. साहेब घरी आले की शेजारीण त्यांनाच सांगे, मागे उभे राहा. शेवटी साहेब कोट न काढताच कोपऱ्यात बसून मोठ्याने पेपर वाचू लागले. ते ऐकून साळूबाईचे डोके उठे. ती देवाकडे साहेबांची बदली मागे.

देवाने ऐकले. साहेबांची परभणीला बदली झाली. ते निघाले त्या संध्याकाळी मैनेने रिकामा कोपरा पाहिला आणि पुन्हा पान्हा चोरला. साळूबाईने कपाळाला हात लावला. म्हशीच्या सवयीचे माणूस नसले की त्याचे कपडे अंगावर घालून धारेला बसायचे, ही तिच्या आईची रीत. सामानाचा ट्रक अजून नाक्यावर होता. ती पळतच गेली.

"साहेब, कोट द्या."

"कशाला?"

"म्हशीला तुमी लागताय."

साहेबांनी कोट काढून दिला.

आठवड्याने बिडकरांचे घर भाड्याने घेतलेले नवे साहेब टांग्यातून उतरले. पाहतात तर व्हरांड्यात लुगड्यावर कोट चढवलेली एक बाई म्हशीची धार काढते आहे, आणि पुढे तांब्यांची रांग.

"कोण हो तुम्ही?" त्यांनी दरडावून विचारले.

साळूबाईने धार थांबवली नाही.

"आमी हितलंच. पर तुमी जरा हळू बोला, साहेब. परक्या मानसाला म्हस बुजती."