पँटवाली कलमं

आपल्याला फसवणारा उंदीर अजून जन्माला यायचा आहे, असं कचरूभाऊ संग्रामपूरच्या बाजारापासून गावातल्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं सांगत. (मागच्या पोळ्याला दुपारी डोळा लागला असताना एका उंदरानं त्यांचा बिस्किटाचा पुडा खिशासकट नेला, हेही तेच सांगत. तो उंदीर बाहेरगावचा होता, एवढं फक्त पुढं जोडत.)

घरामागच्या तुकड्यात संत्र्याची डझनभर कलमं होती. ती लावली बेबीताईंनी, पाणी घातलं बेबीताईंनी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आपली बाग' म्हणून दाखवायचं अवघड काम कचरूभाऊंनी अंगावर घेतलेलं. त्यातल्या कोपऱ्यातल्या कलमानं मे महिन्याच्या उन्हात मान टाकली, तेव्हा बेबीताईंनी त्याच्यावर आपली छत्री बांधली आणि स्वतः डोक्यावर पदर घेऊन उन्हाळा काढला. ते कलम जगलं. त्याला सगळे 'छत्रीवालं' म्हणत. बेबीताई सकाळी उठून आधी त्याच्याकडं जात, मग चुलीकडं.

थंडीत रान मोकळं झालं की उंदरांना खायला काही उरत नाही. मग ते कोवळ्या झाडांच्या बुडाशी येतात आणि साल कुरतडतात. साल चारी बाजूंनी गेली की झाड गेलं. नेमके तेच दिवस आणि तिकडं अमडापूरला लेक समताचे दिवस भरलेले. दुसरी खेप, म्हणून आईच निघाली. निघताना बेबीताईंनी नवऱ्याला नीट समजावलं की बाजारातून बारीक जाळी आणायची, प्रत्येक बुडाभोवती लावायची आणि खालून मातीत गाडायची.

"अन् माह्या छत्रीवाल्याले काही झालं तं मले तोंड दाखवू नका," त्या म्हणाल्या.

"तू बेफिकीर जाय, समताची माय," कचरूभाऊ म्हणाले.

बाजाराच्या दिवशी सकाळी कचरूभाऊंनी एक पाय पांघरुणाबाहेर काढला. पायानं हवा पाहिली आणि तो परत आत गेला. तिथं आत त्यांना विचार सुचला. (त्यांचे सगळे मोठे विचार पांघरुणातच सुचलेले आहेत.) जाळी पाहिजेच कशाला? मागच्या खोलीत फरदड पडून होती, म्हणजे कपाशीचा अगदी शेवटचा, पिवळट, कुणी फुकट नेणार नाही असा कापूस. तो बुडाभोवती जाडजूड लावला तर उंदराचे दात सालीपर्यंत पोचतीलच कसे?

दुपारी ऊन चढल्यावर ते कामाला लागले. कापूस जागेवर राहावा म्हणून त्यांनी आपल्या जुन्या पँटी काढल्या, एकेक पाय उभा चिरला, कापसावरून गुंडाळला आणि सुतळीनं बांधला. संध्याकाळपर्यंत सगळी बाग पँट घालून तयार. लांबून पाहिलं तर शाळेतली पोरं अंगठे धरून उभी केल्यासारखी दिसत होती.

शेजारचे शालिग्राम, वांगी-टमाटेवाले, कुंपणाशी येऊन बघत राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "कचरूभाऊ, ह्या कापसात सरकी हाय ना? सरकी तं उंदीर आवडीनं खाते."

आता इथं एक जुनी गोष्ट मध्ये आली. वांग्यांना रेडिओ ऐकवला की कीड पडत नाही, असं मागं कचरूभाऊंनीच शालिग्रामना पटवलं होतं, आणि त्या सज्जन माणसानं आठवडाभर वांग्यात रेडिओ टांगून ठेवला होता. सगळं गाव ऐकायला जात होतं. तेव्हा कचरूभाऊंनी ओळखलं, हा त्याचा बदला आहे.

"शालिग्राम," ते मायेनं म्हणाले, "मले बनवाले अजून शिकणं लागते."

छत्रीवाल्या झाडाला मात्र फरदड लावायला त्यांचा हात धजेना. त्याच्यासाठी त्यांनी आपली उशी उसवली, आतला पांढरा, पिंजलेला कापूस लावला आणि वरून स्वतःचा लोकरीचा मफलर गुंडाळला. त्या थंडीत ते उशाला पोतं घेऊन आणि कानाला टॉवेल बांधून झोपले. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. (शालिग्रामना, त्यांच्या अन्नपूर्णाबाईंना आणि टपरीवरच्या सगळ्यांना तेवढं सांगितलं.)

आणि चमत्कार झाला. बागेत उंदीर दिसेना. शालिग्रामच्या घरातले उंदीर गेले, पलीकडच्या घरातले गेले. अन्नपूर्णाबाईंनी खुशीनं वांग्याचं भरीत पाठवलं आणि कचरूभाऊंनी ते सत्कार समजून खाल्लं. अमडापूरला नात झाल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी नातीची चौकशी थोडक्यात आटपून उंदरांचा विषय काढला. बेबीताईंनी विचारलं, गेले तर गेले कुठं? कचरूभाऊ म्हणाले, घाबरून सातपुड्यात गेले.

बेबीताई परत आल्या त्या दिवशी त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि थेट मागं गेल्या. पँटी घातलेल्या झाडांभोवती एक फेरी मारून आल्या. कचरूभाऊंनी शालिग्रामना मुद्दाम साक्षीला बोलावलं होतं.

बेबीताईंनी पहिली सुतळी सोडली. पँटीतून एक उंदरीण निघाली आणि कचरूभाऊंच्या पायावरून गेली. आत कापसाच्या गादीत गुलाबी पिल्लं झोपलेली, भोवती सरकीची टरफलं. दुसऱ्या पँटीत तेच, तिसऱ्या पँटीतही तेच. तीन घरांचे उंदीर सहकुटुंब राहायला आले होते.

"मी तिकडं एक बाळंतपण करून आली," बेबीताई म्हणाल्या, "तुम्ही तं इकडं दवाखानाच काढला."

पण गंमत अशी, की साल सगळीकडं शाबूत. घरबसल्या सरकी मिळत असताना साल कोण खातो? ते पाहून कचरूभाऊंच्या जिवात जीव आला आणि छातीही पुढं आली.

मग बेबीताई कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी मफलर सोडला. इथंही पांढऱ्या कापसात ऊबदार घर होतं. पण पिंजलेल्या कापसात सरकी कुठली? पाहुण्यांनी झोपायला गादी घेतली आणि जेवायला साल. झाड जवळजवळ गोल सोललेलं होतं. एका बाजूला बोटभर रुंदीची पट्टी तेवढी राहिली होती.

शालिग्राम हळूच जाऊन शेण आणि माती कालवून घेऊन आले. बेबीताईंनी खाली बसून बोटानं ती पट्टी चाचपली, वरचं एक पान मोडून वास घेतला. मग सगळ्या जखमेवर लेप लावत म्हणाल्या, पट्टी ओली आहे, जगेल बहुतेक. त्यांचा पदर मातीत पडला होता; तो उचलायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

तो कचरूभाऊंनी उचलून झटकला. त्यांच्या कानाला अजून टॉवेल बांधलेला होता.

"उशी फोडली मी ह्याच्यासाठी," ते पडल्या आवाजात म्हणाले. "मफलर देल्ला. बाकीच्यायले नुसतं गुंडाळलं, पण ह्या एका झाडाले मी सगळ्यात जास्त जीव लावला."

बेबीताईंनी लेपावरून शेवटचा हात फिरवला आणि मान वर करून नवऱ्याकडं नीट पाहिलं.

"मंग मले जीव जरा कमीच लावत जा."