फोन खराब नाही म्हणजे नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको. फोन खराब नव्हता. तो मी निवडला होता, आणि मी निवडलेली वस्तू हमखास खराब निघते ही माझ्या सासरच्यांनी उठवलेली आवई आहे. (कूलरचं म्हणत असाल, तर त्यात पाणी भरायचं असतं हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. मिक्सरबद्दल मी बोलू इच्छित नाही.)

तर, २००९ सालचा फेब्रुवारी. मी एम. जी. रोडवरून टच स्क्रीनचा फोन आणला. आमच्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात तोवर तसा फोन एकट्या साहेबांकडे होता. घरी आल्या आल्या मी तो टेबलावर ठेवला. हिनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस चालेल?"

"म्हणजे?"

"नाही, सहज विचारलं. पाडव्याला फ्रिज घ्यायचाय. तो मात्र खंडू निवडणार आहे, आधीच सांगते."

खंडू म्हणजे खंडेराव, माझा मेहुणा, निफाडचा द्राक्षबागाईतदार. आमच्या सिडकोतल्या घरातला फ्रिज निफाडचा माणूस निवडणार, आणि मी काय करणार? टेम्पोवाल्याला गल्ली दाखवणार? माझं डोकंच फिरलं.

"पैज!" मी म्हणालो. "हा फोन पाडव्यापर्यंत बिनतक्रार चालला तर फ्रिज मी निवडणार."

"आणि नाही चालला तर?"

"तर आयुष्यात या घरात मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा निवडणार नाही."

"जुडी निवडायची तुम्हीच," ही म्हणाली. "आणायची नाही."

पैज लागली. शिवाय हिनं जाहीर केलं की पाडव्यापर्यंत ती त्या फोनला बोटही लावणार नाही, म्हणजे उद्या 'तूच बिघडवलास' हे ऐकायला नको. मीही सातवीतल्या आमच्या सृष्टीला ताकीद दिली की स्क्रीनवर डाग पडतात, लांबून बघायचं.

महिनाभर फोन जपायचा म्हणजे पहिला बंदोबस्त धुळीचा. मी रोज दोन वेळा स्कूटरवर द्वारकेचा चौक ओलांडतो. तिथली धूळ माणसाच्या दाढांत जाते, फोनची काय कथा! पण त्याच चौकात तेव्हा एक जण मोबाइलला लॅमिनेशन करून द्यायचा. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा रोल, एक ब्लेड आणि केस वाळवायचं मशीन, एवढं त्याचं दुकान.

"साहेब, हा कंपनीचा पातळ कागद काढून टाकू?"

"खबरदार! त्याच्यावरूनच मार."

"आणि वरच्या बाजूला कापू?"

"काही कापायचं नाही. धूळ आत कुठून जाते? भोकातूनच ना? मग?"

"पण साहेब..."

"फोन कुणाचा आहे?"

चार्जरच्या पिनेपुरतं खाली आणि मागच्या जाळीपुरतं पाठीवर, एवढंच त्यानं कापलं, तेही मला दोनदा विचारून. फोन असा चकचकीत झाला की त्यात भांग पाडता यावा. मी खूष होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी येवल्याहून लखनचा फोन आला. लखन माझा मावसभाऊ, पैठणी विणतो, मला फार मानतो. रिंग खणखणीत वाजली. मी फोन कानाला लावला. पलीकडे चिडीचूप.

"हॅलो? लखन? अरे बोल ना!"

काही नाही. नीट कान दिला तर कुठेतरी खोल विहिरीत कुणीतरी पुटपुटतंय असा भास झाला. समोर ही गहू निवडत बसली होती आणि तिचा हात थांबला होता.

"लखन," मी ठणकावून म्हणालो, "तुझा आवाज येत नाही. तुझ्या फोनचा माईक गेलाय. दुकानात दाखव." आणि कट केला. हिचा हात परत चालू झाला.

बिचारा लखन हातमाग सोडून दुकानात गेला. नवा माईक बसवून त्यानं परत फोन केला. मी म्हणालो, स्वस्तातलं काम करू नकोस. तिसऱ्या दिवशी त्यानं नवा फोन घेतला. त्याचाही आवाज आला नाही, तेव्हा मी येवल्याच्या हवेला दोष दिला. मला वाईट वाटलं, पण पाडवा अजून तीन आठवडे लांब होता.

बाथरूमच्या दाराला कडी लावून मी सगळे उपाय केले. आवाज शेवटच्या काडीपर्यंत वाढवला. फोन बंद करून चालू केला. बॅटरी काढून बनियनला पुसली. सिमवर फुंकर मारली. सेटिंगमध्ये इतका खोल गेलो की दोन दिवस फोन कुठल्यातरी परदेशी भाषेत बोलत होता. गाणं लावलं की ते पाठीमागच्या जाळीतून शेजाऱ्यांपर्यंत जायचं, आणि कॉल आला की मुकं.

"पप्पा," सृष्टी दाराबाहेरून म्हणाली, "स्पीकर ऑन करून बोला ना."

"का? माझं खासगी बोलणं सगळ्या सिडकोला ऐकवू?"

(खासगी काही नव्हतं. पण स्पीकर लावला की हिनं विचारलं असतं, का लावला?)

मग मी एक पद्धत बसवली. फोन आला की पाच आकडे मोजून 'बरं' म्हणायचं, दहा मोजून 'हो हो', पंधरा मोजून 'छान'. तुम्हाला सांगतो, नातेवाइकांना यापलीकडे काही लागतच नाही! माझ्या आत्यानं तर भावकीत सांगितलं की जयराम अलीकडे फार समजूतदार झालाय, मध्ये मध्ये बोलत नाही. ऑफिसातले साहेबही खूष होते, कारण मी कशालाच नाही म्हणत नव्हतो. आठ दिवसांत माझ्याकडे तीन जणांचं काम आलं.

आणि मग त्या रविवारी सकाळी खंडेरावाचा फोन आला. ही समोरच होती. पुढे झालेल्या चौकशीत (चौकशी हिनंच केली) आमचं बोलणं असं झाल्याचं उघड झालं:

"दाजी, आईला आठच्या गाडीत बशिवतोय."

"बरं."

"लय ओझं हाय तिच्यापाशी. द्राक्षाच्या दोन पेट्या हायेत. द्वारकेला उतरंल, तुम्ही घ्यायला जाताय ना?"

"हो हो."

"नक्की ना? नायतर म्हातारी उन्हात उभी राहायची."

"छान!"

मी फोन ठेवला. "काय म्हणत होता खंडू?" हिनं विचारलं. "काही नाही, सहज," मी म्हणालो आणि फोन मऊ कापडानं पुसत बसलो.

बाराच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. सासूबाई, अंबूबाई, पदरानं घाम पुसत उतरल्या. हातात नुसती पिशवी.

"अगं बाई, आई! अशी अचानक?" ही धावली.

"आचानक कशाची? दोन तास द्वारकेला उभी हाय मी! खंडूनं सांगितलं व्हतं ना जावईबापूंना!"

"आणि पेट्या?" सृष्टीनं विचारलं. आजी येणार म्हणजे द्राक्षं येणार हे तिला पाठ.

"इकल्या," सासूबाई म्हणाल्या. "उभं राहून राहून करू काय? एकानं भाव इचारला, दुसऱ्यानं इचारला. मग बसले खाली मांडून. अर्ध्या तासात खपल्या, लय गिऱ्हाईक हाय तुमच्या द्वारकेला." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, म्या उन्हात उभी राहीन म्हनल्यावर तुमी 'छान' म्हनले म्हनं?"

हिनं मला स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं.

"आता एक काय ते सांगा. फोन खराब आहे, की कान?"

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? फोन म्हणावं तर फ्रिज खंडेरावाचा, आणि कोथिंबीर कायमची गेली. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा जिंकायची वेळ आली होती. मी मान ताठ केली.

"कान."

ती 'फोन' ऐकायच्या तयारीत होती. तिचा चेहराच उतरला. "अहो, खरंच? कधीपासून? बोलला का नाहीत?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण फ्रिजपुढं ती टिकली नाही.

सोमवारी अर्धी रजा टाकून कानाच्या डॉक्टरांकडे. ही बाहेर बाकावर जप करत बसली. आत डॉक्टरांनी मला एका खोक्याएवढ्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. बारीक बारीक शिट्ट्या वाजत होत्या, ऐकू आली की बटण दाबायचं. मी एकही शिट्टी सोडली नाही. (परीक्षा म्हटली की मला खोटं वागता येत नाही.)

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "तक्रार काय आहे नेमकी?"

"फोनवर ऐकू येत नाही."

"फक्त फोनवर? बघू फोन."

मी नाइलाजानं दिला. डॉक्टरांनी तो दिव्याखाली तिरका धरला आणि वरच्या कडेला नखानं खरवडलं.

"हे काय आहे?"

"लॅमिनेशन."

"आणि त्याच्याखाली?"

"कंपनीचा कागद."

डॉक्टरांनी ट्रेमधला एक बारीक चिमटा उचलला, फोनच्या माथ्यावरचं प्लॅस्टिक टोचलं आणि दोन्ही थरांचा एक तुकडा अलगद ओढून काढला. मग टेबलावरच्या फोनवरून मला कॉल लावला. "हॅलो!" असा आवाज आला की मी खुर्चीतून उडालो.

"कानातून शेंगदाणा काढलाय, मणी काढलाय," डॉक्टर म्हणाले. "फोनच्या कानातून काढायची पहिलीच वेळ."

त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि खाली शिक्का मारला. पहिली ओळ: दोन्ही कानांची श्रवणशक्ती उत्तम. दुसरी: मोबाइलवरील प्लॅस्टिक काढले.

"डॉक्टर, दुसरी ओळ खोडता येईल का?"

"केसपेपरवर खाडाखोड करत नाही मी. पुढचा पेशंट!"

कागदाची घडी करून मी पाकिटात सारली आणि दारात क्षणभर थांबलो. हा कागद दाखवला तर फोन चांगला ठरतो, कानही चांगले ठरतात. मग तीन आठवडे बिघाड होता कुठे, हे ही विचारणारच. आणि शोधायला जागा एकच उरते.

"काय म्हणाले?" ही उठून उभी राहिली.

"घाबरायचं काही नाही," मी म्हणालो. "उजव्या कानाची नस जरा मंद आहे. फोन डाव्या कानाला लावायला सांगितलाय."

तिथल्या तिथे मी फोन डाव्या कानाला लावून खंडेरावाला कॉल केला. "दाजी, येतंय का आता तरी आयकू?" हे मला लख्ख ऐकू आलं, शेजारी उभ्या असलेल्या हिलाही आलं.

"म्हणजे फोन चांगलाच होता हो," ही हळवी होऊन म्हणाली. "मी उगीच तुम्हाला बोलले. फ्रिज तुम्हीच निवडा." जिन्यावरून उतरताना मी शीळ घातली.

बातमी दोन दिवसांत निफाडपासून येवल्यापर्यंत पोचली. जो तो माझ्या डावीकडे येऊन बोंबलू लागला. लखननं नव्या फोनवरून तासभर धीर दिला. सासूबाई तर मुक्कामच वाढवून राहिल्या आणि रोज संध्याकाळी माझ्या उजव्या कानात लसणाचं कोमट तेल सोडू लागल्या. मी सगळं सोसलं. मला डबल डोअरचा निळा फ्रिज दिसत होता.

पाडव्याला दुकानात ही गर्दी! मी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत पुढे. विक्रेता अदबीनं म्हणाला, "या साहेब, कसा दाखवू? सिंगल डोअर की डबल?" मी दीर्घ श्वास घेतला. तेवढ्यात ही माझ्या उजव्या बाजूनं पुढे झाली.

"त्यांना कमी ऐकू येतं हो. निवडणार तेच आहेत, पण बोलणं माझ्याशी करा." आणि मागे वळून, "खंडू, ये रे पुढे."

खंडेराव आला होताच. मुहूर्ताला दोन माणसं बरी म्हणून बोलावला होता म्हणे. विक्रेत्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं आणि मला खुर्ची दिली.

"निळा नको ताई, लय मळतो," खंडेराव म्हणत होता. "हा लाल घे, फुलांच्या डिझाइनचा. डबल डोअर काय करायचंय, माणसं तीन!"

मी तीन हात लांब बसून शब्द न् शब्द ऐकत होतो. पाकिटात माझी सुटका होती, शिक्क्यासकट. माझा हात पाकिटाकडे गेला. पहिली ओळ आठवली. मग दुसरी ओळ आठवली. हात परत मांडीवर आला. हिनं माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि सगळं दुकान वळून बघेल एवढ्यानं विचारलं, "लाल घेऊ ना?" मी मान हलवली.

लाल फ्रिजनं मृगातच मान टाकली. मी पेपर वाचत होतो आणि खिडकीशी ही शेजारच्या नवसाबाईंना सांगत होती, "काय करणार! यांनी निवडलेला ना."

"हळू बोला की," नवसाबाई म्हणाल्या, "ते तिथंच बसलेत."

"बिनधास्त बोला," ही म्हणाली. "इकडचा कान उजवा आहे."