चार पिढ्यांची साय

चहाची आई अमर असते, असं श्याओवान तालुक्याच्या वारसा संरक्षण कार्यालयाने ग्रॅनाइटच्या शिळेवर सोनेरी अक्षरांत कोरून घेतलं आहे. शिळेचं अनावरण झालं त्या दिवशी चहाची आई मरून पंधरवडा उलटला होता.

ही आई म्हणजे चहावर धरणारी साय. साखर घातलेला काळा चहा गार करून काचेच्या बरणीत ओतायचा, शेजारणीकडून विरजण आणावं तसा आणलेला सायीचा पापुद्रा त्यात सोडायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि वाट बघायची. चहा आंबट होतो, जरासा फसफसतो आणि वर दुसरी साय धरते, पहिलीइतकीच गिळगिळीत. किनाऱ्यावरचे लोक हिला समुद्ररत्न म्हणतात. समुद्राशी तिचा काही संबंध नाही; रत्नाशी तर नाहीच नाही.

दर खेपेला एक साय जास्तीची होते आणि ती कुणाला तरी द्यावी लागते. देताना पैसे घ्यायचे नाहीत. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि नेणाऱ्याने बसून मूठभर सूर्यफुलाच्या बिया सोलून खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर साय रुसते.

लुआन श्युमेईबाईंकडे या शेवटच्या नियमाची अंमलबजावणी फार कडक होती. मासळीच्या डब्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. नवरा वारलेला. मुलगा शेन्झेनला, तो नववर्षाला फोन करून ‘आई, जेवलीस का’ असं विचारी आणि उत्तर यायच्या आत ठेवून देई. पण बरणी होती, त्यामुळे दार सताड उघडं असे. कुणी वाटी घेऊन येई, कुणी पोटाची तक्रार घेऊन. जमिनीवर टरफलांचा सडा पडे आणि लुआनबाई ‘काय हा कचरा करता गं बायांनो’ म्हणत आणखी बिया पुढे ढकलीत.

अशात तालुक्याचे चिटणीस शांघायला जाऊन आले. तिथल्या हॉटेलात त्यांना एक बाटली देण्यात आली. तिच्यावर परदेशी अक्षरं होती, आत आंबट चहा होता आणि किंमत अडतीस युआन होती. मागच्या चिठ्ठीवर छापलं होतं की हे पेय चीनच्या ईशान्य किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलं. चिटणीसांनी नकाशा पाहिला. श्याओवान ईशान्य किनाऱ्यावरच होतं. इतका भक्कम पुरावा हाती आल्यावर त्यांनी वारसा कार्यालयाच्या उपप्रमुखांना, म्हणजे हाओ साहेबांना, जन्मस्थान शोधून काढण्याचा आदेश दिला. हाओ साहेबांना प्रमुख व्हायचं होतं. त्यांना ते दुपारीच सापडलं.

“काकू, ही बरणी किती पिढ्यांची?” त्यांनी चौथ्या मजल्यावर धापा टाकत विचारलं.

त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या मू ग्वेइफेनबाई तिथेच बसून बिया फोडत होत्या. खरं तर लुआनबाईंना पहिली साय त्यांनीच दिली होती. पंचतारांकित फॅशन व्हायच्या कितीतरी आधी, दर घरात बरणी असायची त्या काळात. ती गोष्ट साऱ्या वसाहतीला ठाऊक होती, कारण मूबाई ती दर आठवड्याला सांगत.

“पिढ्या कसल्या साहेब?” मूबाई म्हणाल्या. “ही माझ्याकडून वाटी घेऊन आली होती. ती वाटीसुद्धा माझीच. परत कुठे केलीय अजून!”

या वाटीवरून लुआनबाईंचं डोकं फिरलं. माणूस साहेबांसमोर वाटी काढतो का?

“चार,” त्या म्हणाल्या. “पणजीपासून आहे.”

हाओ साहेबांच्या चेहऱ्यावर प्रमुखपदाची आभा पसरली. त्यांना तीन पुरणार होत्या.

महिन्याभरात लुआनबाई ‘तालुकास्तरीय प्रातिनिधिक वारसदार’ झाल्या. दारावर पितळी पाटी लागली. बरणी ओट्यावरून उचलून काचेच्या पेटीत ठेवण्यात आली, पेटीला कुलूप आणि किल्ली हाओ साहेबांकडे. लुआनबाई आठ दिवस पाटी पुसत होत्या. मूबाई जिन्यात भेटल्या की म्हणत, “काय वारसदारीणबाई, पणजी बऱ्या आहेत ना?” त्याचंही त्यांना सुखच वाटे.

मग मूळ स्वरूपाच्या जतनाचे नियम आले. साय कापायची नाही, कारण कापल्याने मूळ आकार बदलतो. वारसदाराखेरीज कुणाला द्यायची नाही, कारण वाटल्याने वारसा विरळ होतो. खालचा चहा प्यायचा नाही. आरोग्य खात्याने तो वारसा म्हणून मान्य केला होता, पेय म्हणून नव्हता.

“ठीक आहे,” लुआनबाई म्हणाल्या, “पण साहेब, तिला अधूनमधून ताजा गोड चहा घालावा लागतो. नाहीतर मरेल.”

“काकू, चहा कधीचा? या वर्षीचाच ना?”

“मग काय पणजीच्या वेळचा घालू?”

“हेच ते! चार पिढ्यांच्या वस्तूत या वर्षीची साखर मिसळायची म्हणजे भेसळ झाली. मूळपण कुठे राहिलं? तुम्ही आता साध्या गृहिणी नाही आहात, काकू. जरा जबाबदारीने बोला.”

लुआनबाईंनी जबाबदारीने साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.

वाटी घेऊन येणारे दोनचार दिवस आले, कुलूप बघून परत गेले. देण्यासारखं काही नाही, मग बसायचं तरी कशाला? लुआनबाई बियांची परात मांडून बसत. जिन्यात पावलं वाजत, वर चढत आणि दुसऱ्या मजल्यावर थांबत. मूबाईंच्या घरातलं हसणं चौथ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येई. पाटी चकचकीत होती. ती पुसायला आता भरपूर वेळ होता.

शेवटी राहवलं नाही तेव्हा त्यांनी हाओ साहेबांकडे तक्रार केली, की तो मूबाईचा दरबार बंद करा. तक्रारींचा निपटारा तत्पर व्हावा असा त्या तिमाहीचा फतवा होता. हाओ साहेब नोटीस घेऊन स्वतः मूबाईंकडे गेले.

“तुमच्याकडची साय ही संरक्षित वारशाची अनधिकृत नक्कल आहे.”

“नक्कल? अरे बाबा, तिचीच माझ्यातून निघालीय! माझी जुनी आहे.”

“जुनी असेल. म्हणून काही नक्कल नसते असं नाही. मूळ कुठलं हे कार्यालय ठरवतं.”

“आणि वय?”

“तेही.”

मूबाईंनी नोटिशीवर अंगठ्याएवढी सही केली आणि नोटीस बरणीखाली ठेवली. ओटा ओला होत होता.

उन्हाळ्यात प्रांताची परीक्षण समिती यायचं ठरलं. हाओ साहेब शिळेचं माप घेऊन आले, पेटी उघडली आणि झटकन नाक दाबून मागे सरले. चहा काळाकुट्ट झाला होता. सायीवर हिरवी लव उगवली होती आणि मधोमध ती फाटली होती.

“हे कसं झालं?”

“भुकेने मेली,” लुआनबाई म्हणाल्या. “मूबाईकडे आहे. मागितली तर ती देईल. शिव्या देईल, पण साय देईल.”

“मूबाईंकडची? ती नक्कल आहे असं माझ्याच सहीने प्रांताला कळवलंय! आता नकलेला मूळ कसं म्हणू? काही नीती आहे की नाही?”

हाओ साहेब मोकळ्या हवेसाठी उठले. मग त्यांची नजर खिडकीतून खाली बाजाराकडे गेली. तिथे कोळणी मिठात मुरवलेले जेलीफिश टोपल्यांत मांडून बसल्या होत्या. गोल, पिवळट, अर्धपारदर्शक, गिळगिळीत.

“साहेब, तो मासळीबाजारातला जिन्नस आहे! तो पेटीत ठेवणार?”

“असेल. पण त्याच्याविरुद्ध एकही आदेश नाही.”

समितीचे अध्यक्ष एक प्राध्यापक होते. त्यांनी भिंग लावून पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दारात सगळी वसाहत जमली होती, पुढे मूबाई.

“पाहा,” प्राध्यापक सहकाऱ्यांना म्हणाले, “ही घनता! आजकालच्या सायीत ही दिसत नाही.” मग लुआनबाईंकडे वळून, “आजी, ही तुमच्याकडे नेमकी कुणाकडून आली?”

लुआनबाईंनी दाराकडे पाहिलं. एक नाव घ्यायचं होतं फक्त. घेतलं असतं तर पाटी गेली असती, पेटी गेली असती, आणि दुसऱ्या मजल्यापुढे चढायला लोकांना हरकत उरली नसती. हाओ साहेब खोकले.

“पणजीकडून,” लुआनबाई म्हणाल्या.

“याला काही साक्षीदार?”

“मी आहे ना!” मूबाई दारातून ओरडल्या. “पणजीला मी चांगली ओळखते. माझ्याएवढीच दिसायची. फार उदार बाई. लोक तिच्या वाट्या परत करत नसत, तरी कधी बोलली नाही.”

समितीने हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घेतलं. त्यावर दुपारची मेजवानी झाली. तीत काकडी घातलेली जेलीफिशची कोशिंबीर होती आणि प्राध्यापकांनी ती दोनदा मागून घेतली. त्यांना काही ओळखीचं वाटलं नाही.

संध्याकाळी लुआनबाई दोन मजले खाली उतरल्या. हातात एक जुनी निळ्या काठाची वाटी होती.

“कोण आहे?” आतून आवाज आला. “वारसदार का?”

“उघड गं. वाटी द्यायला आलेय.”

मूबाईंनी दार उघडलं, वाटी उलटसुलट करून पाहिली. “टवका उडालाय.”

“तुझ्याकडे होती तेव्हापासून उडालेलाच होता.”

“बस. बिया खा आधी.” मूबाईंनी बरणीचं फडकं सोडलं. “किती पिढ्यांची देऊ?”

“एक पुरे,” लुआनबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ खाली मान घालून बिया सोलत राहिल्या.

आता त्यांच्याकडे पुन्हा एक बरणी आहे, पलंगाखाली, तांदळाच्या पोत्यामागे. स्वतःच्याच वारशाची अनधिकृत नक्कल बाळगणं हा गुन्हा आहे, त्यामुळे वाटीवाले येतात ते पदराआड वाटी लपवून आणि बिया आवाज न करता खातात. हाओ साहेब प्रमुख झाले. पेटी खालच्या सभागृहात हलवली असून तिकीट वीस युआन आहे. दूरदूरचे सुशिक्षित लोक रांग लावतात, पेटीसमोर मान झुकवतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, की आत पाऊल टाकताच आंबलेल्या चहाचा तो प्राचीन दरवळ येतो. अस्सल गोष्ट लपत नाही. तुम्ही गेलात तर तुम्हालाही येईल.

पेटी हवाबंद आहे.